कट्यारीची निशाणी

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ माझ्या ठाण्याच्या घरी आले. दोर लावून जुने किल्ले चढणे आणि त्यांवर टिपणे लिहिणे हा त्यांचा छंद. त्यांनी एक फोटो माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, हा गड तुमच्या माहितीतला आहे असे कळले, खरे का? फोटोत माचीवरचे एक जोते होते, अर्धे गवतात गेलेले, आणि त्याच्या कोपऱ्यात तीन दगड. फोटोच्या पाठीवर त्यांनी शाईने लिहिले होते, ‘शिबंदीच्या वस्तीचे अवशेष, काळ अनिश्चित.’ मी चष्मा लावून पाहिले. ते तीन दगड म्हणजे माझ्या आईची चूल. डावीकडचा दगड जरा ठेंगणा आहे. त्याच्यावर तवा कलायचा, म्हणून आई तिथे खापराचा तुकडा सरकवून ठेवायची. गृहस्थांना मी एवढेच म्हणालो की होय, माहितीतला आहे. वर्तमानपत्रात तीस वर्षे दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त केल्यावर घरी आलेल्या पाहुण्याचा मजकूर दुरुस्त करण्याचा उत्साह राहत नाही. ते गेल्यावर मात्र वाटले, एकदा हे लिहून ठेवावे. माहीत असलेला मीच आता उरलो आहे.

आमचा गड कल्याणपासून एका दिवसाच्या चालीवर, मुरबाडच्या अंगाला. वरचा माथा उघडा आणि कामाचा नाही. त्याच्या कमरेला एक रुंद माची आहे, तिला तटबंदी आहे, आणि तटाच्या आत आमची अठरा घरे होती. साहेबाचे राज्य आले तेव्हा त्याच्या पलटणीने गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. तिथे साठ-सत्तर हात उभा कातळ उघडा पडला. गडावरच्या माणसांनी त्याला सागाची शिडी लावली आणि ते राहिले तिथेच राहिले. माझ्या जन्माच्या वेळी त्या गोष्टीला दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या. राखायला गड उरला नव्हता, राखा म्हणणारे कोणी उरले नव्हते, पण राखण चालू होती. आई घरापुढच्या तोफेवर वाळवणे घालायची, कारण तोफ दुपारपर्यंत चांगली तापते. उडदाचे पापड तोफेवर आणि कुळीथ तटावर, असे आमच्या घरचे ठरलेले होते. जेवण म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, कल्याणच्या बाजारातून कोणी आणली तर सुकट. भात सणाला, आणि तोही आईच्या माहेरून आलेला, कारण माचीवर भाताला जमीन नव्हती. उतारावर आम्ही नाचणी आणि वरी करत होतो. ती जमीन कोणाच्या नावावर होती हे कोणी कधी विचारले नव्हते.

माझा बाप कमळोजी नाईक दरवाजाचा धनी. म्हणजे आमच्या घराण्याकडे गडाचा दरवाजा होता. कोणाकडे पाण्याचे टाके, कोणाकडे कडा, कोणाकडे उत्तरेचा बुरूज. दिवस उगवताना बा दरवाजात उभा राहून हजेरी पुकारायचा. “टाकं!” अशी हाक गेली की टाक्याकडून उत्तर यायचे, “जागा हाय!” “कडा!” “जागा हाय!” पुरुष नसला तर घरातली बाई उत्तर द्यायची, पण उत्तर चुकायचे नाही. शेवटी बुरूज. बुरुजाचा लखूकाका म्हातारा होता आणि त्याला उठायचा कंटाळा. त्याचे उत्तर यायला इतका वेळ लागायचा की तोवर आईचा पहिला घाणा दळून व्हायचा. बा पुन्हा ओरडायचा, “बुरूज! शत्रू आत आला, रं!” मग लखूकाका आतून म्हणायचा, “आला आसंल तर त्याला बसव. भाकर खाऊन येतो.” सगळी माची हसायची. दररोज तेच, आणि दररोज हसायची. त्या अठरा घरांत मी वाढलो. आता पहाटे जाग येते तेव्हा कधीकधी माझे कान त्या शेवटच्या उत्तराची वाट पाहतात. हा म्हातारपणाचा दोष आहे, त्यात विशेष काही नाही.

खाली पायथ्याला गाव होते आणि गावाला गोमा पाटील. गावात भात पिकायचा, बैल होते, पाटलाच्या घरावर कौले होती. तरी आमची माणसे त्या गावाचे नाव घेताना किंचित ओठ मुडपायची. “खालची” एवढेच म्हणायची. खालची नांगर धरतात, आपण दरवाजा धरतो. उतारावर आम्हीही जमीन उकरत होतो, पण नांगराने नव्हे, कुदळीने, आणि हा फरक आमच्या लेखी फार मोठा होता. माझी आई त्याच खालच्या गावची. बाला राग आला की तो तिला खालची म्हणायचा. ती म्हणायची, “खालचीच हाय. म्हनून सनाला भात दिसतो तुमाला.”

मामा कल्याणच्या बंदरावर भाताच्या होड्या भरायच्या कामाला होता. त्याने मला बाराव्या वर्षी कल्याणला नेले आणि शाळेत घातले. तिथे मी पाच वर्षे राहिलो आणि बाळबोध व मोडी दोन्ही लिहायला शिकलो. आमच्या मास्तरांनी आधी कचेरीत काम केले होते. शुद्धलेखन घालताना ते म्हणायचे, “ऐकले ते लिहा. तुम्हाला काय वाटते ते तुमच्याजवळ ठेवा.” हे वाक्य मी पुढे तीस वर्षे उमेदवारांना ऐकवले. ते कोणाचे हे सांगितले नाही.

दिवाळीच्या सुट्टीला मी गडावर निघालो तेव्हा मास्तरांनी मला थांबवले. जंगलाच्या हद्दी आखणे चालू आहे, साहेब तुमच्या गडावरही येईल, असे त्यांना कचेरीतून कळले होते. ते म्हणाले, “नीट ऐक, सदाशिव. साहेब एकच गोष्ट ठरवायला येतोय. वर गाव आहे की किल्ला. गाव असेल तर त्याची हद्द सोडतील, घरंदारं, उतारावरची जमीन, सगळं राहील. किल्ला असेल तर तो सरकारचा, आणि भोवती जंगल, तेही सरकारचं. तुझ्या वडिलांना सांग, साहेबासमोर गाव म्हणा. आमच्यात पाटील आहे म्हणा, गावठाण आहे, गावदेवी आहे, मसणवट आहे. एवढं म्हटलं की झालं.” मी ती चार नावे वाटभर घोकत गेलो.

बा दारात बसून शिडीचे दोर वळत होता. मी सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकले.

“गावदेवी हाय. मसनवट हाय,” तो म्हणाला. “गावठान म्हन हवं तर. पाटील कोन?”

“तुम्हीच म्हणायचं.”

“मी?” त्याने दोर खाली ठेवला. “मी पाटील? त्या गोम्याच्या पंगतीला बसवतोस मला?”

आई चुलीपाशी होती. “बसा की येक दिस. तो काय उष्टं वाढनार हाय?”

“तू गप. खालची.”

“मी गपच हाय. पर घर गेलं तर तुमी कुटं पुकारनार हजेरी? माझ्या भावाच्या गोठ्यात?”

बाने दोर पुन्हा उचलला. तो दोर वळत राहिला. त्याच्या न बोलण्याचा अर्थ मी त्या वेळी होकार असा लावला. दोन दिवसांनी आई मला टाक्यावर भेटली. पाण्याची घागर काठावर टेकवून म्हणाली, “सदू, त्यो कायबी बोलंल. लिवनार कोन हाय, ते मला सांग.” मी म्हणालो, साहेबाचा कारकून असतो. ती म्हणाली, “मंग त्येला तरी सांगून ठिव.” तिला या सगळ्यात फक्त एक गोष्ट दिसत होती, की पुढल्या वर्षी ती चूल कुठे मांडणार. बाकीच्यांना बऱ्याच गोष्टी दिसत होत्या.

साहेब आला तो सकाळी, गोमा पाटलाला वाटाड्या म्हणून घेऊन. बरोबर शिरस्तेदार, दोन शिपाई. साहेब तरुण होता आणि शिडी भरभर चढला. शिरस्तेदाराने शिडीकडे पाहिले, आपल्या पोटाकडे पाहिले आणि खालीच करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसून घेतले. त्याने कागद, दौत आणि बोरू शिपायाबरोबर वर पाठवून दिले. साहेबाने विचारले, इथे लिहिता येते असा कोण आहे? अठरा घरांची माणसे दरवाजात जमली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आईनेही पाहिले. मला तोफेवर बसवले आणि कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला. तोफ तोवर तापू लागली होती.

गोमा पाटील शिडी चढून घामाघूम झाला होता. बा म्हणाला, “या पाटील. धाप लागली वाटतं?”

“तुमचा गड उंच, नाईक. आनि आमाला चडायची सवं नाय. आमाला बैलामागं चालायची सवं.”

“ते दिसतंच हाय.”

लोक हसले. पाटीलही हसला आणि पागोट्याने तोंड पुसत बाच्या अगदी शेजारी उभा राहिला. तो तिथे उभा राहिला नसता तर काय झाले असते, हा विचार मी पूर्वी करत असे. आता करत नाही.

साहेबाला मराठी समजायचे आणि बेताचे बोलता यायचे. मोडी वाचता येत नव्हती. ती शिरस्तेदार वाचायचा. साहेबाने पहिला प्रश्न विचारला, “इथे पाटील कोण?”

बाने माझ्याकडे पाहिले. मग गोमा पाटलाकडे पाहिले. पाटील सहज उभा होता, त्याच्या मनात काही नव्हते. पण अख्खी माची बाच्याकडे बघत होती. मग बा म्हणाला, “पाटील हितं नाय, साहेब. पाटील ह्ये उभे. आमी नाईक.”

“हे गाव किती वर्षांचे?”

“गाव न्हवं, साहेब,” बा म्हणाला. आता त्याचा आवाज मोकळा झाला होता. “गाव खाली. ह्यो गड हाय.”

“पण तुम्ही शेती करता.”

“आमी गड राखतो.”

“कोणापासून?”

साहेबाने हे कुत्सितपणे विचारले नव्हते, त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. बा वळला, दरवाजात जाऊन उभा राहिला आणि भर उन्हात त्याने हजेरी पुकारली. “टाकं!” माणसे जमावातून आपापल्या जागेकडे धावली. “जागा हाय!” “कडा!” “जागा हाय!” बाने बुरुजाला हाक घालायला तोंड उघडले, तोच तिकडून आवाज आला, “जागा हाय!” लखूकाका कधी जाऊन उभा राहिला होता ते कोणाला कळले नाही. माझ्या आठवणीत त्याने हाकेच्या आधी उत्तर दिल्याची ही एकच वेळ. त्या दिवशी कोणी हसले नाही. साहेबाने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली. तशी चांगली हजेरी गडावर पूर्वी कधी झाली नसेल. पुढे झाली नाही हे मला ठाऊक आहे.

साहेब मला म्हणाला, “लिही.” मी लिहिले. सदर ठिकाणी गाव नाही, गड आहे. पाटील नाही. राहणारे सर्व लोक गडाच्या राखणीचे असून पूर्वापार तेच काम करतात. ‘गाव’ या शब्दापाशी माझा बोरू थांबला होता. मला चांगले आठवते, कारण तिथे शाईचा एक ठिपका पडला. मी ‘गाव नाही’ ऐवजी ‘गाव आहे’ लिहू शकत होतो. ते लिहून ‘गाव नाही’ असे मोठ्याने वाचूनही दाखवू शकत होतो. वर वाचता येणारा दुसरा कोणी नव्हता. खाली शिरस्तेदाराने कागद पाहिला असता, तर गाव आहे एवढेच त्याला कळले असते, आणि हुकूम कचेरीत कागद पाहूनच निघायचा होता. आई साहेबासाठी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “लिवलंस?”

“लिहिलं.”

“काय?”

“बा बोलले ते.”

तिने तांब्या साहेबाला नेऊन दिला आणि ती घरात गेली.

मी कागद वाचून दाखवला. बाने मान डोलावली. मग निशाणी करायची होती. लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगर काढतो आणि हत्याराचा माणूस कट्यार काढतो, ही जुनी रीत. बाने बोरू घेतला आणि एका दमात कट्यार काढली, मूठ, पाते, टोक. त्याच्या बापाने ती त्याला शिकवली होती, त्याने मला शिकवली होती, आणि मला ती कधी लागली नाही. तिच्याखाली मी लिहिले, ‘निशाणी कट्यार, कमळोजी नाईक.’ गोमा पाटील वाकून पाहत होता. तो म्हणाला, “नाईक, झ्याक काढली.” बा म्हणाला, “तुमी नांगर बी असाच झ्याक काढत असाल.” पाटील म्हणाला, “त्यात काय, चार रेघा.”

हुकूम यायला वर्ष लागले. दुसऱ्या वर्षाची नाचणी कापून झाली होती. जुना किल्ला व भोवतालचे रान सरकारी, राहणाऱ्यांनी होळीच्या आत खाली उतरावे, पायथ्याच्या गावालगत प्रत्येक घराला जागा व थोडी जमीन मिळेल. हुकुमात कोणावर अन्याय केल्याचा सूर नव्हता. आमच्याच जबानीतली वाक्ये त्यात जशीच्या तशी होती. मी शाळा सोडून सामान उतरवायला गेलो. आमच्या माणसांनी चौकटी उतरवल्या, जाती उतरवली, कोंबड्या टोपलीतून उतरवल्या. तोफ कोणाला उतरवता येण्यासारखी नव्हती. आईने चुलीचे दगड घेतले नाहीत. म्हणाली, “दगड खाली बी मिळत्यात.” लखूकाका सगळ्यांत शेवटी, कमरेला दोर बांधून. दोन जणांनी वरून दोर सोडला आणि तो मध्यावर येऊन थांबला आणि म्हणाला, “थांबा, रं. जरा बघू द्या.” सगळे थांबले. त्याने काय पाहिले माहीत नाही. त्या उंचीवरून स्वच्छ दिवशी कल्याणची खाडी दिसते आणि आगगाडीचा धूर दिसतो. मग तो म्हणाला, “सोडा.” दुसऱ्या दिवशी जंगल खात्याच्या माणसांनी शिडी काढून नेली.

ज्यांना मी हे आजवर थोडक्यात सांगितले, ते म्हणाले की तू खरे तेच लिहिलेस, तुझा दोष नाही. मीही पुष्कळ वर्षे तसेच म्हणत आलो. मास्तरांचे वाक्य माझ्या बाजूला होते. पण ते पुरते खरे नाही. मला जबानी खोटी लिहिण्याची भीती वाटली नाही, किंवा खरेपणाचाही काही विचार माझ्या मनात आला नाही. हजेरी झाली, साहेबाने टोपी काढली, तेव्हा मीही दरवाजाचाच मुलगा होतो. ‘गाव नाही, गड आहे’ हे वाक्य मला आवडले होते. ते मी वळणदार अक्षरात लिहिले. ठिपका पडला तो वाईट वाटून पडला की ते वाक्य नीट यावे म्हणून मी थांबलो तेव्हा पडला, हे मला आज सांगता येत नाही.

खाली जागा वाटप झाले ते गोमा पाटलाच्या अंगणात. कारकून बाजेवर कागद पसरून बसला होता. एकेकाचे नाव निघायचे, त्याला जागा दाखवायचे आणि निशाणी घ्यायचे. लिहायला पुन्हा मीच. कारकुनाला दोन दिवसांत अठरा घरे उरकायची होती आणि माझे अक्षर चांगले होते. बाचे नाव निघाले. तो पुढे आला. कारकून न पाहता म्हणाला, “ही शेतजमीन आहे. शेतकरी म्हणून निशाणी.” मी त्याला काही सांगायला तोंड उघडले, पण बाने माझ्या हातातून बोरू घेतला होता. तो कागदावर वाकला आणि तसाच वाकून राहिला. त्याला नांगर काढता येत नव्हता. त्याने तो कधी काढला नव्हता. अंगणात आमची सगळी माणसे होती आणि खालचीही होती.

“पाटील,” बा मान वर न करता म्हणाला, “दांडी कुटून काडत्यात?”

माझी खात्री होती की पाटील आता काहीतरी बोलणार. चार रेघांचे त्याच्या लक्षात नव्हते असे नाही. पण तो बाच्या शेजारी उकिडवा बसला आणि बोटाने अंगणातल्या मातीत नांगर काढू लागला. आधी दांडी, मग मुठीचे रुमणे, मग फाळ. बाने मातीत पाहिले आणि कागदावर काढले. पाटलाने पुढची रेघ काढली, बाने पुढची रेघ काढली. नांगर वाकडा आला. त्याची मूठ कट्यारीच्या मुठीसारखी झाली होती. बाने बोरू मला परत दिला. खाली मी लिहिले, ‘निशाणी नांगर, कमळोजी नाईक.’